जुन्या ट्रॅक्टरचे ऑइल प्रेशर कमी दाखवते? इंजिन उघडण्याआधी काय तपासावे

सोलापूर जिल्ह्यात पंधरा-वीस वर्षे, काही ठिकाणी त्याहूनही जास्त काळ वापरलेले ट्रॅक्टर आजही रोजच्या कामात आहेत. रब्बी ज्वारीच्या रानाची मशागत, डाळिंबाची फवारणी आणि हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या, ही सगळी कामे तेच इंजिन करते. अशा ट्रॅक्टरवर ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला किंवा लाल दिवा लागला, की दोन टोकाच्या गोष्टी घडतात. काहीजण दिव्याची वायर काढून टाकून काम चालू ठेवतात. काहीजण मेकॅनिकच्या सांगण्यावरून लगेच संपूर्ण इंजिनाचे काम काढतात. पहिल्या प्रकारात क्रँक जाते. दुसऱ्या प्रकारात कधी कधी एका खराब स्विचसाठी किंवा पातळ झालेल्या ऑइलसाठी मोठा खर्च होतो, आणि पेरणीची वापसाही हातची जाते. रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ शिफारशीत आहे. कोरडवाहू रानात त्यातले आठ-दहा दिवस ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहिला, तर जमिनीतली ओल त्याच्यासाठी थांबत नाही.

म्हणून प्रेशर कमी दिसले की स्वस्त आणि बाहेरून होणाऱ्या तपासण्या आधी कराव्यात आणि इंजिन शेवटी उघडावे. मात्र या तपासण्या होईपर्यंत ट्रॅक्टर कामाला लावू नये.

आधी इंजिन बंद

काम करताना काटा अचानक शून्याकडे गेला किंवा दिवा लागला, तर शेताच्या बांधापर्यंत किंवा कारखान्याच्या काट्यापर्यंत नेण्याचा मोह टाळावा. ट्रॅक्टर सुरक्षित जागी घेऊन लगेच इंजिन बंद करावे. ऑइलशिवाय शेल बेअरिंग खराब होण्यास फार वेळ लागत नाही. ट्रॉली भरलेली असेल तर काही मिनिटेही पुरतात. प्रेशर खरेच गेले होते की गेजने खोटे दाखवले, हे नंतर ठरवता येते.

प्रेशर तयार कसे होते

ऑइल पंप स्वतः प्रेशर तयार करत नाही. तो चेंबरमधील ऑइल उचलून ठरावीक प्रमाणात पुढे ढकलतो. ते ऑइल फिल्टरमधून मुख्य गॅलरीत जाते. तिथून मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे बिग एंड बेअरिंग, कॅमशाफ्टचे बुश आणि वर रॉकर शाफ्टपर्यंत पोहोचते. या प्रत्येक ठिकाणी शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये बारीक फट ठेवलेली असते. या अरुंद फटींतून ऑइल बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर तयार होते. जास्तीचे प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह परत चेंबरमध्ये सोडतो.

हे लक्षात ठेवले तर प्रेशर कमी होण्याची कारणे चारच राहतात: पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही, पंप पुरेसे ऑइल ढकलत नाही, ऑइल पातळ झाले आहे, किंवा फटी वाढल्या आहेत. पाचवी शक्यता म्हणजे प्रेशर ठीक आहे, पण गेज चुकीचे दाखवते.

फटीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण जुन्या इंजिनाचे मूळ दुखणे तिथेच असते. ट्रॅक्टरच्या क्रँकवर नवीन शेल बसवल्यावर फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीइतकी. अशा फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट न होता सुमारे आठपट होते. त्यामुळे कित्येक वर्षे प्रेशर हळूहळू उतरत असते, कुणाच्या लक्षात येत नाही आणि शेवटच्या एका हंगामात ते झपाट्याने खाली येते.

दुसरी गोष्ट तापमानाची. १५ डब्ल्यू-४० ग्रेडचे ऑइल ४० अंश सेल्सिअसला जितके घट्ट असते, त्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकेच घट्ट ते १०० अंशांना राहते. म्हणून सकाळी थंड इंजिनावर काटा वर दिसला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तपासणी नेहमी तापलेल्या इंजिनावर करावी.

गेज खरे बोलते का?

जुन्या ट्रॅक्टरवर दोन प्रकार आढळतात. काहींवर तांब्याच्या बारीक नळीने जोडलेले काट्याचे गेज असते, तर काहींवर फक्त दिवा असतो. नळीच्या गेजमध्ये नळी काळ्या गाळाने तुंबते, दबते किंवा जोडाजवळ झिरपते. अशा वेळी काटा उशिरा आणि कमी वर चढतो.

दिव्याच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. दिव्याचा स्विच साधारणपणे प्रेशर अर्ध्या किलोच्या आसपास आले की दिवा लावतो. म्हणजे दिवा विझलेला असणे याचा अर्थ प्रेशर पुरेसे आहे असा होत नाही. एक किलो प्रेशरवर नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरचाही दिवा विझलेलाच असेल. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वी दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर बल्ब, वायर किंवा स्विच मेला आहे, आणि ट्रॅक्टर कोणत्याही राखणीशिवाय चालतो आहे. उलट दिवा सतत लागत असेल, तर स्विचवरची वायर काढून पाहावी. वायर काढूनही दिवा लागत राहिला, तर ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे.

पक्की खात्री फक्त वेगळे यांत्रिक गेज लावूनच होते. ० ते ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मापाचे गेज, त्याला लवचिक होज आणि आपल्या ट्रॅक्टरच्या स्विचच्या आट्यांना जुळणारा अडॅप्टर एवढे साहित्य लागते. हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात स्विच नमुना म्हणून नेला की अडॅप्टर जुळवून मिळतो. गावातील शेतकरी गटाने किंवा अवजार बँकेने असा एक संच घेऊन ठेवला तर वीस-पंचवीस ट्रॅक्टरांचे काम भागते. कृषी सहायकांनी गटाच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा. माझ्या मते फवारणी पंपाच्या नोझलइतकेच हे गेज गटाकडे असणे गरजेचे आहे.

गेज बसवण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहून ठेवावी आणि होज पंख्याला किंवा सायलेन्सरला लागणार नाही असा बांधावा. ट्रॅक्टर अर्धा तास हलक्या कामावर चालवून चांगला तापवावा. या चाचणीतही काटा धोक्याच्या खाली गेला तर चाचणी तिथेच थांबवावी. इंजिन तापल्यावर स्लो, मधल्या आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर आकडे लिहून घ्यावेत.

आकडा किती हवा, हे त्या ट्रॅक्टरच्या माहिती पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. पुस्तिका हाताशी नसेल तर ढोबळ नियम असा: दर १००० फेऱ्यांना तापलेल्या इंजिनावर किमान ०.७ किलो. म्हणजे २००० फेऱ्यांना १.४ किलोच्या खाली गेलेले इंजिन कामाला लावू नये. सुस्थितीतील बहुतेक ट्रॅक्टर इंजिने पूर्ण ॲक्सिलरेटरवर २.५ ते ४ किलोच्या दरम्यान असतात. गेज पौंडात असेल तर १ किलो म्हणजे सुमारे १४ पौंड धरावेत.

ऑइलच आधी तपासा

बाहेरच्या गेजनेही प्रेशर कमी दाखवले, तरी अजून पाना हातात घेण्याची घाई नको. काडी काढून पाहावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पातळी पाहावी. पातळी कमी असेल तर चढावर, उतारावर, वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा पडतो आणि सपाटीला पुन्हा वर येतो, कारण चेंबरमधील ऑइल एका बाजूला सरकून जाळी उघडी पडते. पातळी भरून काटा स्थिर झाला तर ऑइल कुठे गेले हा पुढचा प्रश्न. निळा धूर निघत असेल तर रिंग-लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड, खाली थेंब पडत असतील तर सील.

पातळी वाढलेली दिसली तर ती जास्त काळजीची गोष्ट आहे. इंजिन स्वतः ऑइल तयार करत नाही. वाढलेले ते डिझेल किंवा पाणी असते.

डिझेल मिसळणे हे जुन्या ट्रॅक्टरमध्ये प्रेशर कमी होण्याचे फार सामान्य, आणि बहुतेकदा दुर्लक्षिलेले कारण आहे. नोझल टपकत असेल तर न जळलेले डिझेल लायनरच्या भिंतीवरून खाली उतरते. रोटरी प्रकारच्या डिझेल पंपाचे शाफ्टचे सील गेले तर डिझेल टायमिंग कव्हरमधून थेट चेंबरमध्ये येते. काही इंजिनांत फीड पंपातूनही ते उतरते. आपल्याकडे आणखी एक सवय त्यात भर घालते. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यासाठी रांगेत उभे असताना, विशेषतः बॅटरी किंवा स्टार्टर कमजोर असेल तर, ट्रॅक्टर तासन् तास स्लोवर चालू ठेवला जातो. इंजिन थंड पडत जाते, डिझेल पूर्ण जळत नाही आणि ऑइलमध्ये उतरते. नवी बॅटरी घेणे हे इथे इंजिनाच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

पाच टक्के डिझेलदेखील ४० ग्रेडच्या ऑइलला ३० ग्रेडच्या पातळीवर आणू शकते. सात लिटर ऑइलमध्ये हे प्रमाण म्हणजे फक्त साडेतीनशे मिलिलिटर. काडीवरचे ऑइल बोटांत चोळून वास घ्यावा. एक थेंब टिपकागदावर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून तासभर ठेवावा. काळ्या डागाभोवती पसरलेले फिकट, तेलकट, डिझेलचा वास असलेले कडे दिसले तर संशय पक्का समजावा. अशा वेळी फक्त ऑइल बदलून उपयोग नाही. नोझल टेस्टरवर तपासून घ्याव्यात, डिझेल पंप पंपाच्या कारागिराकडे दाखवावा, आणि त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलून प्रेशर पुन्हा मोजावे. ऑइल पातळ असण्यापलीकडे इंजिनात काही बिघडलेले नसेल, तर प्रेशर इथेच पूर्ववत होते.

पाणी मिसळले असेल तर ऑइल दुधाळ, चहासारखे दिसते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी चेंबरचा नट सावकाश सैल केला तर आधी पाणी येते. थोडेसेच पाणी असेल तर एका जुन्या, तापवलेल्या तव्यावर ऑइलचा एक थेंब लांबून टाकावा. चरचर आवाज करून उडाला तर पाणी आहे. थेंब छोटा असावा आणि चेहरा लांब ठेवावा. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनरच्या खालच्या रबरी रिंगा कडक होऊन पाणी चेंबरमध्ये उतरते. हेड गॅस्केट हे दुसरे कारण. रेडिएटरमधील पाणी वारंवार कमी होत असेल, तर दोन्ही गोष्टी जोडून पाहाव्यात. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन अजिबात चालवू नये. पाण्यामुळे शेल गंजतात आणि खड्डे पडतात.

इंजिन जास्त तापल्यानेही प्रेशर उतरते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्यात रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ अडकलेली, पंख्याचा पट्टा ढिला, आणि पाण्याचे गेज बंद, असे असेल तर ऑइल नेहमीपेक्षा कितीतरी पातळ होते. जाळी इंजिनाच्या बाजूने पुढे अशी हवेने किंवा पाण्याने साफ करावी.

फिल्टरबद्दल थोडक्यात. फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल बेअरिंगकडे जाते. म्हणजे काटा फारसा हलत नाही, पण झीज सुरू होते. स्वस्त, बनावट फिल्टरचा कागद आत दबतो. प्रेशर कमी असलेल्या इंजिनावर फिल्टर काढला की तो फेकू नये. कापून, घड्या उघडून उन्हात पाहावा. तांबूस किंवा चंदेरी चकचकीत कण दिसले तर शेलचा थर निघतो आहे, आणि मग पुढच्या बाहेरच्या तपासण्यांत वेळ घालवण्यात अर्थ नाही.

जाड ऑइलचा सल्ला

“वीस-चाळीस टाका” किंवा “पन्नास नंबर टाका, प्रेशर येते” हा सल्ला सर्रास मिळतो. यातील पहिल्या भागात फारसे तथ्य नाही. १५ डब्ल्यू-४० आणि २० डब्ल्यू-४० या दोन्ही ऑइलमधील ४० हा आकडा १०० अंश तापमानाचा आहे. तापलेल्या इंजिनात दोन्ही एकाच पट्ट्यात बसतात. फरक असतो तो थंडीत सुरू होताना. ५० नंबरने मात्र काटा नक्कीच वर येतो. पण फट जशीच्या तशी राहते, आणि जाड ऑइल सकाळी रॉकर व शेलपर्यंत उशिरा पोहोचते, नेमके तेव्हाच जेव्हा झीज सर्वात जास्त होते. काटा वर आल्याने मालकाची भीती जाते, एवढाच त्याचा परिणाम. पुस्तिकेने आपल्या तापमानासाठी मान्य केलेल्या जाड ग्रेडवर फवारणीसारखे हलके काम काढून घेणे समजू शकते. दोन ट्रॉल्या उसासाठी हा उपाय करू नये. जुना ट्रॅक्टर विकत घेतानाही हे लक्षात ठेवावे. विक्रेत्याने नुकतेच जाड ऑइल भरलेले असेल, तर अर्धा तास तापवल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवू नये.

प्रेशर वाढवणारी म्हणून बाटलीत विकली जाणारी औषधे याच प्रकारात मोडतात.

काटा कसा वागतो त्यावरून दोष

थंड असताना प्रेशर भरपूर, तापल्यावर स्लोवर फारच कमी आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर बऱ्यापैकी, ही बेअरिंग झिजल्याची नेहमीची खूण आहे. ऑइल योग्य ग्रेडचे आणि निर्भेळ असल्याची खात्री झाली असेल तरच असा निष्कर्ष काढावा, कारण डिझेल मिसळलेले ऑइलही असेच वागते.

ॲक्सिलरेटर वाढवल्यावर प्रेशर वाढण्याऐवजी पडत असेल, तर पंपाला ऑइल पुरत नाही. चेंबरमधील जाळी गाळाने किंवा जुन्या गॅस्केट-सिलिकॉनच्या तुकड्यांनी भरलेली असते. काटा थरथरत असेल आणि काडीवर फेस दिसत असेल, तर सक्शन पाइपला चीर आहे किंवा त्याची गॅस्केट हवा ओढते आहे. प्रेशर एका दिवसात एकदम पडले आणि इंजिनात आवाज नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची किंवा त्याची स्प्रिंग मोडली असण्याची शक्यता मोठी. थंड-गरम, स्लो-फास्ट सगळीकडेच कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पंप, क्वचित गॅलरीचा निघालेला प्लग.

उदाहरण घ्यायचे तर समजा, ३५ अश्वशक्तीचा वीस वर्षे जुना ट्रॅक्टर आहे. सकाळी पूर्ण ॲक्सिलरेटरवर ३.५ किलो, तापल्यावर १.६ आणि स्लोवर ०.४. ऑइलची पातळी काडीच्या वरच्या खुणेपेक्षा बोटभर जास्त. मेकॅनिक क्रँक काढायला सांगतो. इथे पहिले काम नोझल आणि डिझेल पंप. ते दुरुस्त करून, योग्य ऑइल आणि नवा फिल्टर टाकल्यावर तापलेल्या इंजिनाचे आकडे २.४ आणि ०.९ आले, तर हा हंगाम लक्ष ठेवून काढता येईल. आकडे १.७ आणि ०.४ वरच राहिले, तर चेंबर उतरवायलाच हवे.

आवाजही ऐकावा. बोजा पडल्यावर येणारा खोल, दबका ठोका मेन बेअरिंगचा असतो. ॲक्सिलरेटर बदलताना येणारा त्याहून तीव्र खटखटाट बिग एंडचा. कोणत्या सिलिंडरचा, हे पाहण्यासाठी अनुभवी मेकॅनिक इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलचा पाइप नट किंचित सैल करतात. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर आवाज कमी होतो, तिथे दोष. हे काम स्वतः करताना नटाभोवती कापड धरावे आणि हात व डोळे दूर ठेवावेत. प्रेशरने उडालेले डिझेल कातडीत घुसू शकते. आवाज स्पष्ट येत असेल तर ही चाचणीही लांबवू नये.

चेंबर उतरवल्यावर

चेंबर खाली घेतल्यावर सर्वात आधी तळाचा गाळ पाहावा. नुसता काळा चिखल असेल तर ऑइल बदलण्यात हयगय झाली आहे, धातूचे पत्रे-कण असतील तर बेअरिंग. जाळी आणि सक्शन पाइप डिझेलने धुऊन, पाइपची चीर उजेडात तपासावी.

रिलीफ व्हॉल्व्ह काही इंजिनांत पंपावर, म्हणजे चेंबरच्या आत असतो, काहींत बाहेरून ब्लॉकवर. बाहेर असेल तर चेंबर उतरवण्यापूर्वीच तो काढून पाहावा, दहा मिनिटांचे काम आहे. प्लंजर किंवा गोळी बोटाने सहज सरकली पाहिजे, बैठकीवर ओरखडा किंवा कचरा नको. स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर वाढवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. फटी वाढलेल्या इंजिनात तिचा स्लोवर काहीही उपयोग होत नाही, कारण तिथे व्हॉल्व्ह मुळातच बंद असतो. थंड इंजिनावर मात्र त्यामुळे प्रेशर वाजवीपेक्षा चढते आणि फिल्टरचे सील फुटू शकते.

पंपाचे झाकण उघडून गिअरवर सरळ पट्टी ठेवावी आणि फीलर गेजने वरची फट मोजावी. झाकणावर गोल खोल चरे पडलेले दिसले की मोजण्याआधीच उत्तर मिळते. पंप बसवताना त्यात ऑइल किंवा वॅसलिन भरून बसवावा, नाहीतर पहिल्या स्टार्टला तो हवाच फिरवत राहतो.

शेल काढून पाहिल्यावर वरचा राखाडी थर जाऊन तांबूस रंग उघडा पडला असेल तर ते बदलायचेच. पण खरा निर्णय क्रँकच्या मोजमापावर असतो, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक पैसे वाया जातात. मायक्रोमीटर न लावता, जुन्या क्रँकवर नवे शेल बसवून ट्रॅक्टर परत दिला जातो. क्रँकचा जर्नल अंडाकृती झाला असेल तर नवे शेलही फार काळ टिकत नाहीत. प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मोजून आकडे कागदावर मागावेत. मर्यादेबाहेर असेल तर क्रँक ग्राइंडिंग करून ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिलिमीटर अंडरसाइज शेल बसवावे लागतात. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधील ऑइलची छिद्रे आणि ब्लॉकची गॅलरी, प्लग काढून, ब्रशने व हवेने साफ झाली का, हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे. ग्राइंडिंगची भुकटी आत राहिली तर सगळे काम पाण्यात जाते.

क्रँकचे काम होऊनही प्रेशर वर न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे विसरलेले कॅम बुश आणि रॉकर शाफ्ट. हेड कव्हर काढून रॉकर हाताने हलवून पाहिले तरी झिजलेला शाफ्ट कळतो.

सुट्या भागांचा विचार काम काढण्यापूर्वी करावा. मॅसी फर्ग्युसन १०३५ किंवा महिंद्रा ५७५ यांसारख्या प्रचलित ट्रॅक्टरचे शेल, पंप सहज मिळतात. एचएमटीच्या मालकांना जास्त शोध घ्यावा लागतो, कारण पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा ट्रॅक्टरचा जुना पंप किंवा व्हॉल्व्ह दुरुस्त होण्याजोगा असेल तर तो भंगारात देऊ नये.

काम कधी काढावे

ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर असेल तर हंगाम संपल्यानंतर, म्हणजे उन्हाळ्यात आकडे घेऊन ठेवावेत. खरीप-रब्बीच्या मशागतीचा असेल तर पावसाळ्यापूर्वी. तापलेल्या इंजिनावर प्रेशर ढोबळ नियमाच्या जवळ आले असेल, तर “हा एक हंगाम निघेल” हा हिशेब महागात पडतो: शेल बदलून भागणारे काम, रॉड सुटला की ब्लॉक फुटण्यापर्यंत जाते.

काम झाल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना स्टॉपची दोरी ओढून, थोडे थोडे थांबत स्टार्टर फिरवावा. काट्यावर प्रेशर दिसले की मगच इंजिन सुरू करावे. पहिले पन्नास तास बोजा हलका ठेवून त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावा.

पुढे ऑइल किती तासांनी बदलायचे, ते पुस्तिकेत असते. अनेक ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात, धुळीच्या कामात त्याआधीच बदलावे. अडचण अशी की जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर बहुधा बंद असतो आणि ऑइल “काळे झाले की” बदलले जाते. डिझेल इंजिनाचे ऑइल पहिल्या काही तासांतच काळे होते, त्यावरून काही ठरत नाही. त्याऐवजी डिझेलचा हिशेब ठेवावा. ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मध्यम कामाला तासाला साधारण चार लिटर डिझेल घेतो असे धरले, तर हजार लिटर म्हणजे सुमारे २५० तास. पंपावरच्या पावत्या एका पिशवीत ठेवल्या तरी पुरते. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तळाशी गाळ साचला की ऑइल बदलावे, कारण तिथून आत गेलेली माती शेवटी याच ऑइलमध्ये येते.

तापलेल्या इंजिनाचे स्लो आणि पूर्ण ॲक्सिलरेटरचे दोन आकडे, तारीख आणि ऑइलचा ग्रेड मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावेत. ड्रायव्हर बदलला तरी तिथे नजर जाते, आणि पुढच्या वेळी मेकॅनिकला दाखवायला तेवढे पुरते.